वाढपी नसलेला डोंगर

मंजुळाबाईंच्या हाताला गुण आहे, हे त्यांच्या गावात कुणी नाकारणार नाही. नुसती काडी खोचली तरी पालवी फुटते, असं शेजारणी म्हणत, आणि म्हणताना थोड्या जळतही. त्यामुळे शीळफाट्याच्या पलीकडच्या बोडक्या डोंगरावर एका संस्थेने झाडं लावायचं काढलं, तेव्हा रोपवाटिकेसाठी सगळ्यांनी त्यांचंच नाव पुढे केलं. चार वर्षांत बाईंनी ऐन, बेहडा, कुंभा, करंज अशी हजारो रोपं वाढवली. पिशवीत असेपर्यंत रोपं बघत राहावी अशी. डोंगरावर गेली की पावसाळा कसाबसा काढायची आणि दिवाळीपर्यंत पिवळी पडून मान टाकायची. चारही वर्षं हेच झालं.

संस्थेतली माणसं कधी पाण्याला बोल लावत, कधी गुरांना, कधी वणव्याला. बाईंना मात्र कुणी बोललं नाही. बाईंचा हात चांगला ना! आणि हेच त्यांना जास्त लागायचं, कारण डोंगर बोडका कुणी केला हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांचा नवरा दौलत डंपर चालवायचा. डोंबिवलीच्या बाजूला इमारती उठायला लागल्या, जोती भरायला मुरूम हवा झाला, आणि दौलत पंधरा वर्षं हा डोंगर खेपेखेपेने खाली आणत राहिला. आधी वरची काळी माती गेली, मग तांबडी, मग मुरूम. तो काही एकटा नव्हता, असे वीसेक डंपर होते. पण दुसऱ्याचे डंपर मोजून आपलं मन थोडंच निवतं? घरावर स्लॅब पडला तो यातूनच, मुलगा संदेश शिकला तोही यातूनच. दौलतला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. माणूस वाईट नव्हता. बायकोवर कधी आवाज चढवला नाही त्याने. पण साठीला आलेल्या मंजुळाबाई रोज सकाळी त्या उघड्या कड्याखाली झारी घेऊन उभ्या राहायच्या तेव्हा त्यांना वाटायचं, हा डोंगर आपण जेवलो. निदान त्याचं उष्टं तरी आपण काढावं.

यंदा पाचवं वर्ष, म्हणजे शेवटचं. पंचायतीने जागा पाच वर्षांसाठीच दिली होती. दिवाळीनंतर पाहणी होणार होती, आणि रोपं मेलेली दिसली तर तिथे सपाटीकरण करून कंटेनर उभे करायचे हे जवळजवळ ठरलेलंच होतं. एकदा काँक्रीट पडलं की मग कुणाच्याही हाताला कितीही गुण असो, काही उपयोग नव्हता.

आषाढात संस्थेच्या ओळखीने दर्शना आली. डोंबिवलीच्या एका कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. वयाने बाईंच्या मुलीसारखी, पण बोलायला लागली की थांबणं तिला माहीत नाही. तिने डोंगरावरच्या मेलेल्या रोपाची मुळं नेली आणि मलंगगडाच्या बाजूच्या जंगलातल्या एका ऐनाच्या रोपाचीही नेली. आठवड्याने सूक्ष्मदर्शक घेऊन ती थेट रोपवाटिकेच्या शेडमध्येच आली आणि बाईंना म्हणाली, मावशी, डोळा लावा.

जंगलातल्या मुळात निळ्या रंगात रंगवलेले बारीक बारीक धागे होते. मुळाच्या आत घुसलेले, बाहेर पसरलेले. डोंगरावरचं मूळ कोरं होतं. मग दर्शनाने सगळं उलगडून सांगितलं. जंगलात पान गळलं की ते वाया जात नाही. एका जातीची बुरशी ते कुजवते, जिवाणू त्यातलं नत्र मोकळं करून झाडाला पचेल असं करतात. दुसऱ्या जातीची बुरशी मुळांशी सोयरीक करते. मुळं जिथे पोचत नाहीत तिथून हे धागे स्फुरद आणि पाणी आणून देतात, आणि बदल्यात झाड त्यांना साखर देतं. झाडाने दिलेलं पान मातीत जातं आणि पुन्हा झाडाच्याच तोंडी लागतं. मुरमाच्या डोंगरावर यातलं कुणीच उरलं नव्हतं. वरची माती गेली, तिच्यासोबत ही बुरशी आणि जिवाणूही गेले.

बाईंनी डोळा बाजूला घेतला. म्हणजे पंगत बसलीय, पण आचारी नाही आणि वाढपीही नाही, असं त्या म्हणाल्या. दर्शना हसली. कॉलेजातल्या पोरांना हे समजावायला तिला दोन तास लागायचे.

मग तिने सहज विचारलं, पिशव्या भरायची माती कशी करता? बाईंचा चेहरा उजळला. भातशेतीवाल्यांची लेक ती! चैत्रात त्या माती पसरायच्या, तिच्यावर शेणाचा, पाल्याचा आणि काटक्यांचा थर द्यायच्या आणि राब भाजायच्या, अगदी बापाने भाताच्या रोपासाठी भाजावा तसा. तण जळतं, वाळवी जळते, वर राखेचं खत मिळतं. बाईंचा राब इतका बेतशीर भाजलेला असायचा की संस्थेतले लोक त्याचे फोटो काढून न्यायचे.

दर्शना गप्प झाली. ती गप्प झालेली पाहिल्यावर बाईंना पुढचं कुणी सांगायची गरज उरली नाही. जो कुणी वाढपी त्या मातीत उरला असेल, तोही त्यांनी दरवर्षी आपल्या हाताने भाजून काढला होता. दर्शना घाईघाईने म्हणत राहिली की यात तुमची चूक नाही, भाताला राब चालतो, भात म्हणजे चार महिन्यांचा पाहुणा; त्याला राखेवर भागवता येतं, शंभर वर्षं उभं राहायचं त्या झाडाला सोबत लागते. बाईंनी ऐकून घेतलं. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. नवऱ्याने नेलं ते नेलं, उरलेलं आपण जाळलं, हा हिशेब काही केल्या मनातून जाईना.

उपाय अगदी साधा होता. दुधाला विरजण लावतात तसं जुन्या झाडांच्या बुडातली जिवंत माती चिमूट चिमूट प्रत्येक रोपाच्या मुळाशी घालायची आणि वर पाचोळा राहू द्यायचा. चार-पाच ओंजळी पुरे होत्या. पण ती माती याच जातींच्या जुन्या झाडांखालची हवी. सरकारी जंगलातून आणायची तर परवानगीचा कागद यायला पाऊस संपला असता. मग जुनं रान उरलं एकच, धामणपाड्याचं देवाचं रान. धामणपाडा हे मंजुळाबाईंचं माहेर.

त्या रानातून काही न्यायचं नाही, असा नेम होता. लाकूड सोडाच, वाळलेलं पानसुद्धा नाही. आंबा पडला तर तिथेच खायचा आणि कोय तिथेच टाकायची. दर्शना म्हणाली, मावशी, माझी गाडी आहे. एक पिशवी भरून आणू, कुणाला कळणारही नाही. बाई म्हणाल्या, मला कळेल ना. माती चोरून नेली की काय होतं हे या डोंगराकडे बघून अजून समजलं नाही काय तुम्हाला?

पण मागायला जाणं चोरीहून अवघड होतं. बावीस वर्षांपूर्वी दौलतने धामणपाड्याचाही मुरूम काढायचं मनावर घेतलं होतं आणि डंपरला वाट म्हणून रानाची एक कड कापायला माणसं आणली होती. तेव्हा रान राखणारा मंजुळाबाईंचा सख्खा भाऊ देवराम जेसीबीपुढे आडवा झाला. गावासमोर तोंडातोंडी झाली, नको ते शब्द गेले. दौलत परत फिरला, पण बायकोला त्याने माहेरचं नाव काढायला बंदी केली नाही तरी तिचं तिलाच जाता येईना. देवराम वारला तेव्हा त्या गर्दीत जाऊन आल्या आणि पाणीही न पिता परतल्या. आता रान राखायची देवरामची बायको जाईबाई.

श्रावणातल्या एका बुधवारी मंजुळाबाई दोन रिक्षा बदलून धामणपाड्याला गेल्या. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं, ओळखलं, आणि आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. इकडचं तिकडचं काही बोलायला दोघींनाही जमेना, तेव्हा मंजुळाबाईंनी सरळ मागणंच घातलं.

"रानातला काय न्यायाचा नाय, मंजू," जाईबाई म्हणाल्या. "तुजा भाऊस त्याच्यासाठीच आडवा झालता."

मंजुळाबाईंनी मान हलवली. हे उत्तर येणार हे त्यांना माहीतच होतं. मग त्यांनी जे बावीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते वहिनीला सांगितलं: "डोंगराची कातडी आमीच काडली, वयनी. माज्या चुलीवर शिजली ती. माना तवा कलत व्हता, पन मी बोलली नाय. आता झाडा लावतंय, तं मरतान."

जाईबाई तांदूळ निवडतच राहिल्या. सुपातले निवडून झाल्यावर त्या उठल्या, सूप खाली ठेवलं आणि रानाकडे चालू लागल्या. मंजुळाबाई मागोमाग गेल्या. आत ऐनाखाली इतका पाचोळा होता की पाय घोट्यापर्यंत रुतत होता, आणि त्याचा ओला, गोडसर वास येत होता. मंजुळाबाईंनी वाकून वास घेतला, हात लावला नाही. बघून झालं, आता जावं, म्हणून त्यांनी पाय वळवले.

"थांब," जाईबाई म्हणाल्या. "नेयाची परवानगी मी देत नाय. पन माहेरशीन चालली, तिला ओटी भरल्याबिगर कशी धाडू? बस. पूर्वेकडं तोंड कर."

मंजुळाबाईंना क्षणभर कळेना. कळलं तेव्हा त्या मागे सरल्या. "वयनी, माना आता ओटी चालत नाय."

"माना तरी भराया कुठं चालतं?" जाईबाई म्हणाल्या. "रान इचारतं का?"

दोघींची कपाळं मोकळी होती. एक नेम राखायला जाईबाईंनी दोन नेम मोडले, आणि त्यांना त्याचं काही वाटलं असेल असं दिसलं नाही. मंजुळाबाई पाचोळ्यातच बसल्या आणि त्यांनी पदर पसरला. जाईबाईंनी ऐनाच्या बुडाशी हात घातला आणि पाच ओंजळी माती त्या पदरात घातली. काळी, भुसभुशीत, मधे अर्धवट कुजलेली पानं आणि त्यांना बिलगलेले पांढरे धागे.

त्या मातीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. बाईंनी राबाची माती बाजूला सारली आणि साठ रोपांना हे विरजण लावून ती डोंगरावर रोवली. दिवाळीनंतर पाहणीला आलेल्यांना त्यातली एक्केचाळीस हिरवी दिसली आणि पंचायतीने आणखी दोन वर्षं दिली. दोन वर्षांत डोंगर भरत नाही, हे दर्शनालाही ठाऊक आहे आणि बाईंनाही. कंटेनरवाले अजून अधूनमधून चक्कर टाकून जातात.

पण कुणी विचारलं तर बाई पाहणीचं सांगत नाहीत, त्या दिवसाचं सांगतात. पदराची गाठ मारून दिल्यावर जाईबाई त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. रिक्षा थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "पदर घट दर, सांडू नको. आनि वरसानं परत ये. एका ओटीनं भागत नाय."

बावीस वर्षांत त्या गावातून मंजुळाबाईंना परत ये असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या रिक्षात बसल्या आणि रडू लागल्या. दोन्ही हातांत पदर धरलेला होता, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून शीळफाटा येईपर्यंत त्यांनी ते पुसले नाहीत.