गयाबाईच्या घरचं पाणी

माझी आजी दर शनिवारी बाजार करून येताना गयाबाईच्या ओट्यावर टेकायची आणि पाणी मागायची. गयाबाई पाणी द्यायची नाही. दारात तूर नाहीतर ज्वारी निवडत बसलेली असायची, मान वर करायची नाही. आजी पाच-दहा मिनिटं बसायची, मग पिशवी उचलून "येते गं गया" म्हणायची आणि तहानलेलीच घरी यायची. हे एक-दोनदा नव्हे, सोळा वर्षं चाललं.

आजी सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं, चारठाण्याच्या अलीकडचं. आजूबाजूच्या पाच-सहा गावांतली बाळंतपणं तिने पायी हिंडून केली. सगळे तिला नर्सबाई म्हणत. मी दहा वर्षांची असताना ती रिटायर झाली, पण तिची शिस्त काही रिटायर झाली नाही. घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "हात धुतले का?" पुढे मला बघायला पाहुणे आले, तर तिने चहाच्या आधी त्यांच्या हातात साबण दिला. पाहुण्यांची तोंडं वाकडी झाली. नवरामुलगा तेवढा हसला, म्हणून मी त्याला होकार दिला.

कुणी रडायला लागलं की ती म्हणायची, "रडायला लय टाइम हाय, आदी पाणी उकळा." उगाच सुई टोचून मागणारे म्हातारे यायचे, त्यांना दारातूनच परत धाडायची. "सुई म्हंजे काय गंडादोरा हाय का? जावा, ताक प्या, झोपा." स्वतः मात्र कधी दुपारची आडवी झाली नाही.

ती रिटायर झाली त्याच साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जळाली. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. पण आम्ही बौद्ध, त्यामुळे किराणा मिळेना, चक्कीवाला दळण घेईना. बाबा म्हणाले, "आई, सध्या वरच्या गल्लीत जाऊ नको." वरची गल्ली म्हणजे शेतकऱ्यांची, गयाबाईचं घर तिथलंच. आजी शनिवारी नेहमीसारखी गेली, बसली, पाणी न पिता आली. मी तेव्हाच मनात पक्कं केलं, ही बाई जातीपायी पाणी देत नाही. दुसरं काय कारण असणार?

पुढे मी परभणीला कॉलेजात गेले, नामांतराच्या मोर्च्यांत घोषणा देऊ लागले. तोंडाची मी आधीपासूनच तिखट. एका शनिवारी गावी आले होते, आजीबरोबर बाजारातून येत होते. आजीने पाणी मागितलं, गयाबाई खाली मान घालून तूर निवडत राहिली, आणि माझा तोल सुटला. "तुमची लेक माझ्या आजीच्या हातात जन्मली, तेव्हा नाही विटाळ झाला? आणि आता तांब्याभर पाणी देताना हात झिजतो का?"

गयाबाईने मान वर केली. माझ्याकडे पाहिलंच नाही. आजीला म्हणाली, "नर्सबाई, पोरीला सांगितलं न्हाई व्हय?"

आजीने पिशवी उचलली. घरी आल्यावर हात धुतले, बाजेवर बसली आणि मला समोर बसवलं.

"जातीपायी पाणी न देणारी घरं मला ठाऊक हायत," ती म्हणाली. "तिथं मी एकदा तरी टेकलेली बघितलीस का? गयाच्या माठातलं पाणी मी तिच्याच तांब्यानं प्यालेय. दोन्ही बाळंतपणात. सासू वरडायली तरी तिनं दिलं."

"मग आता का नाही देत?"

आणीबाणीत नसबंदीच्या ऑपरेशनांचे कॅम्प लागायचे. प्रत्येक नर्सला आकडा ठरवून दिलेला असे. आजीच्या आकड्यात एक बाई कमी पडत होती. "गया म्हणायली, एक पोरगी, एकच पोरगा हाय, आजून एक होऊ द्या, मग करते. मी म्हणलं, पोरगा धडधाकट हाय तुझा, मी हाय ना, काय व्हतंय त्याला? माझ्या शब्दावर आली ती. अन् वर्षाच्या आत पोरगं काविळीनं गेलं."

"आजी, कावीळ काय तुझ्या हातात होती का?"

"कावीळ न्हवती माझ्या हातात. पण मनात आकडा व्हता. तिचं भलं म्हणून न्हाई सांगितलं मी, माझा आकडा भरायचा म्हणून सांगितलं."

मी विचारलं, मग दर शनिवारी जाऊन काय मिळतं? आजी म्हणाली, "माफी मागून बघितली. तिनं दार लावलं. आता पाणी मागते. द्यायचं का न्हाई, ते तिनं ठरवावं. येक तरी गोष्ट तिच्या हातात राहू दे."

मला इतकी लाज वाटली की दुसऱ्याच दिवशी मी परभणीची बस पकडली. गयाबाईची माफी मागायला हवी होती. धीर झाला नाही.

विद्यापीठाचं नाव अखेर बदललं त्या हिवाळ्यात आजी अंथरुणाला खिळली. पाय सुजले, चार पावलं टाकली की धाप लागायची. मी माहेरी आले होते. वस्तीत पेढे वाटले, आजीने अर्धाच खाल्ला. "उशिरा का व्हईना," म्हणाली. तीन शनिवार तिचा बाजार चुकला.

चौथ्या शनिवारी भर दुपारी गयाबाई आमच्या ओट्यावर येऊन टेकली. ती आमच्या वस्तीत कधी आलेली मी पाहिली नव्हती. "नर्सबाई हायत का? तीन शनिवार झाले, आल्या न्हाईत." मग खाली बघत म्हणाली, "पाणी द्या जरा."

मी माठाकडे धावले. आतून आजी ओरडली, "थांब! माझ्याकडं मागितलंय तिनं."

भिंत धरून उठली. आधी हात धुतले. तांब्या भरून दारापर्यंत आली, अर्धं पाणी वाटेतच सांडलं. गयाबाई तांब्याला तोंड लावून उरलेलं सगळं पाणी प्याली. "बऱ्या झाल्या की या," एवढंच म्हणाली आणि निघाली. आजी उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडली. मी तिला रडताना त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

आजी बरी झाली नाही. महिनाही काढला नाही तिने.

ती गेल्यानंतरच्या शनिवारी मी बाजार केला आणि येताना गयाबाईच्या ओट्यावर टेकले. काय बोलावं ते ठरवून आले होते, पण तोंड उघडायच्या आधीच गयाबाई सूप बाजूला ठेवून आत गेली. तांब्या घेऊन आली. मी हात पुढे केला, तसा तिने तांब्या मागे घेतला.

"आदी हात धू," ती म्हणाली. "तुझ्या आजीनं काय शिकवलं का न्हाई?"