दिनकरच्या दाढेतला आकडा

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या वाचनालयात नवी पुस्तकं लावत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच वहिनी म्हणाल्या. हृदय बंद पडलं होतं. मी खुर्चीवर बसलो, आणि मनात जे पहिल्यांदा आलं ते लिहायची लाज वाटते... मला वाटलं, आता आपण. मित्र गेल्याचं दुःख त्यानंतर आलं.

रामाकोन्याचा दिनकर आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. मी पुढे पुस्तकांत रमलो, तो भौतिकशास्त्रात. चांगली बातमी त्याच्या पोटात टिकत नसे. पहिली नोकरी लागली तेव्हा भर उन्हात सायकल हाणत सौंसरला आला आणि वाचनालयाच्या दारातूनच म्हणाला, "मध्या, लागलो बे!" नोकरी पाइपलाइनच्या एका ठेकेदाराकडे होती. जोडलेल्या पाइपांचे गॅमा किरणांनी फोटो काढायचे आणि जोड आतून पक्का आहे का ते पाहायचं. ती त्याने दोन वर्षांत सोडली. "ऊन सोसत नाही," म्हणाला. मग नागपूरच्या एका प्रयोगशाळेत लागला, आणि निवृत्त होईपर्यंत एकाच यंत्रापुढे बसला.

ते यंत्र त्याने मला दाखवलं होतं. आधी घड्याळ काढून बाहेर ठेवायला लावलं. तारेच्या दोन जाडजूड वेटोळ्यांचा चुंबक, मध्ये लहानशी धातूची पेटी, पेटीत काचेची बारीक नळी. नळीत संत्र्याच्या वाळलेल्या पानाचा चुरा होता, पांढुर्ण्याच्या त्याच्या सासऱ्यांच्या बागेतला.

"हे पाह्य," तो म्हणाला, "इलेक्ट्रॉन म्हणजे एवढुसा चुंबक. पण बहुतेक इलेक्ट्रॉन जोडीनं राहतेत, एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली. दोघं मिळून गप. संसारी माणसावाणी. बोलते तो एकटा."

"माझ्यासारखा?"

"तू कुठी बोलतो? तुले तर चुंबकातच ठेवा लागते."

मग त्याने नीट सांगितलं. चुंबकाच्या क्षेत्रात एकट्या इलेक्ट्रॉनला दोनच जागा असतात, क्षेत्राच्या बाजूने किंवा विरुद्ध. क्षेत्र वाढवलं की या दोन जागांमधलं ऊर्जेचं अंतर वाढतं. नळीवर एकाच कंपनाच्या सूक्ष्मलहरी सोडायच्या आणि चुंबक हळूहळू चढवत न्यायचा. एका क्षणी ते अंतर आणि लहरीची ऊर्जा बरोबर जुळते. तेव्हा इलेक्ट्रॉन लहर गिळतो आणि उलटतो, आणि पडद्यावर रेघ उसळते. एकटे जितके जास्त, तितकी रेघ मोठी. संत्र्याच्या पानाने सहा रेघा दिल्या, कारण पानातल्या मँगनीजच्या अणुगर्भाचा शेजार त्या एकट्यांची एक रेघ सहा ठिकाणी फोडतो. मला ते फार आवडलं होतं.

शेवटचं भेटलो ते गेल्या उन्हाळ्यात, निवृत्तीनंतरच्या त्याच्या पांढुर्ण्याच्या घरी. वहिनी जामसांवलीला दर्शनाला गेल्या होत्या. तो संत्रं सोलत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तू एकदा साइटवर डबा घेऊन आला होता, आठवते?"

आठवत होतं. आईने भाकरी आणि ठेचा दिला होता. आम्ही पाइपाच्या आडोशाला बसून गप्पा मारत जेवलो.

"फोटो झाला का किरणं सोडणारा दाणा हँडल फिरवून पेटीत परत घ्या लागते. मग मीटर धरून पाहा लागते, आला का नाही. तू आला, भाकर गरम होती... म्या मीटर जीपमधून काढलंच नाही. जेवण झाल्यावर काढलं. दाणा पेटीबाहेरच्या नळीतच अडकून होता, आपल्या बाजूले." छातीवर लावायचा किरण मोजायचा बिल्लाही गरमीमुळे काढलेल्या शर्टासोबत दूर खुंटीवर होता. बिल्ल्याने काहीच नोंदवलं नाही. त्याने कोणाला सांगितलं नाही, मलाही नाही.

"पण दाढ काही काढून ठेवता येत नाही," तो म्हणाला. किरण लागले की दाताच्या कडक इनॅमलमध्ये एकटे इलेक्ट्रॉन अडकून पडतात. जन्मभर तिथेच राहतात, आणि त्याच्या यंत्रावर ते मोजले की किती किरण लागले तो आकडा कळतो. "मागं माही दाढ काढली, ती आहे माह्याजवळ. पण तुले इचारल्याशिवाय कसा मोजू? तू माह्या बाजूलेच बसून होता. आपला आकडा जवळजवळ एकच."

मी समोर पडलेली सालं गोळा केली. मग म्हणालो, "नको."

"बरं," तो म्हणाला आणि अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

तेरवीनंतर वहिनींनी एक डबी पुढे केली. "ह्यांची दाढ आहे याच्यात. अस्थी तर सोडल्या, हे राहूनच गेलं. तुम्ही सोडून द्या नदीत." डबी उघडली. आत दाढ नव्हती. क्वार्ट्झची बारीक नळी होती, तोंड बंद केलेली, तळाशी चिमूटभर पांढरी पूड, यंत्रात मोजण्यासाठी कुटलेल्या दाढेची. चिठ्ठीवर दिनकरच्या अक्षरात फक्त मोजल्याची तारीख, आकडा नाही. तारीख आमच्या भेटीच्या आधीची, हिवाळ्यातली.

म्हणजे विचारलं तेव्हा त्याला आकडा माहीत होता. आणि चांगली बातमी त्याच्या पोटात टिकत नसे. आकडा चांगला असता तर मी "नको" म्हटल्यावरही हसत सांगून मोकळा झाला असता... तेव्हापासून मी तो "बरं" पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यात त्याची सुटका होती की माझी कीव, ते ठरत नाही.

"राहू द्या माझ्याजवळ काही दिवस," मी वहिनींना म्हणालो.

"घरात ठेवाले भेव नाही वाटत?"

"वाटते."

त्याच्या यंत्रावर आता त्यानेच शिकवलेली एक मुलगी बसते. मी तिला फोन केला. मोजता येईल म्हणाली, पूड तयारच आहे, तासाभराचं काम. मी उगाच विचारलं, उशीर केला तर बिघडेल का.

"काही घाई नाही काका," ती म्हणाली. "तुम्ही कधीही या. तो सिग्नल कुठी जात नाही."

नळी खिशात घालून मी दोनदा सौंसरच्या स्टेशनवर गेलो. नागपूरची गाडी आली, थांबली, गेली. दोन्ही वेळा बाकावरून उठणं झालं नाही. दिनकर तो आकडा एकटाच घेऊन मला भेटला होता, संत्रं सोलत बसला होता. तेवढं मला जमायला हवं. उद्या पुन्हा जाणार आहे.