सायखेड्याचा निरोप

सिंधूबद्दल लिहा, असं मला कोणी सांगितलेलं नाही. उलट आमच्या घरची म्हणते, झालं गेलं गंगेला मिळालं, कशाला उकरता? नाशकात गोदावरी म्हणजेच गंगा, ती दारातच आहे, तरी ही एक गोष्ट काही तिला मिळत नाही. मग म्हटलं लिहूनच टाकू. ज्यांना मला शिव्या द्यायच्या असतील त्यांनी खुशाल द्याव्यात.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. आणीबाणी उठली होती, कॉलेजच्या निवडणुका पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि आम्ही डाव्या संघटनेची पोरं जमिनीवर चालतच नव्हतो. झब्बा, खांद्याला शबनम, आणि तोंडात सारखं शोषण, शोषण. मी लहानू, देवळालीगावचा, प्रेसमधल्या कामगाराचा मुलगा, आमच्या पॅनेलचा जी.एस.चा उमेदवार. सेक्रेटरी व्हायचं म्हणजे काय अवघड होतं महाराजा! आधी प्रत्येक वर्ग आपला प्रतिनिधी निवडायचा, त्याला सगळे सी.आर. म्हणायचे. मग हे तेवीस सी.आर. जी.एस.ला मत द्यायचे. म्हणजे सारा खेळ तेवीस डोक्यांचा.

आणि म्हणूनच मतदानाआधी सी.आर. पळवायचे. हा आमच्याकडचा रिवाजच होता. समोरचं पॅनेल त्यांना जीपमध्ये घालून कुठल्या तरी मळ्यावर न्यायचं, मटण खाऊ घालायचं आणि मतदानाच्या सकाळी थेट पेटीसमोर उतरवायचं. आम्ही डावे. आम्ही असलं करत नसू. आम्ही आमचे सी.आर. 'सांभाळायचो'. म्हणजे पिठलं-भाकरी देऊन पळवायचो, एवढाच फरक.

सिंधू एफ.वाय. आर्ट्सची सी.आर. सायखेड्याच्या बौद्धवाड्यातली, तिथून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. ठेंगणी, काळीसावळी आणि जिभेला हाड नाही. माझं पहिलं भाषण ऐकून मैदानावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "लहानूभाऊ, भांडवलशाही नंतर पाडा, आधी आमच्या एस.टी.चं बघा." सगळी पोरं खो खो हसली आणि माझे कान लाल झाले. पण तिचं खरं होतं. सायखेड्याची शेवटची गाडी सव्वाचारला स्टँडवरून सुटायची आणि कॉलेज सुटायचं पाचला. त्या रस्त्यावरच्या गावांतल्या मुली शेवटचे दोन तास बुडवून पळायच्या. साडेपाचची गाडी, तीही कॉलेजच्या फाटकातून, ही मागणी सिंधूची. आमच्या जाहीरनाम्यात ती पहिल्या नंबरला आली आणि मुलींची मतं आमच्याकडे वळली ती त्याच मागणीवर.

तिचा बाप पुंजाराम. गावचा कोतवाल. तलाठ्याचा, पंचायतीचा निरोप घरोघर पोचवणं हे त्याचं काम. पोरीवर लय जीव. स्वतः चौथीपर्यंत शिकलेला, पण तिची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून स्वतः बांधायचा, असं सिंधूच सांगायची.

मतदान शनिवारी होतं. गुरुवारी दुपारी बातमी आली की समोरच्यांनी दोन जण उचलले. आता आमचे बारा, त्यांचे अकरा, असा हिशेब. एक जरी गळाला तर संपलंच. आम्ही ठरवलं, सगळ्यांना मनमाडला हलवायचं. तिथे रेल्वे युनियनचे रहेमानचाचा होते, चौऱ्याहत्तरच्या संपात जेल भोगून आलेला माणूस. पोरं युनियनच्या ऑफिसात राहणार आणि तिन्ही मुली चाचांच्या क्वार्टरमध्ये, त्यांच्या बायकोजवळ, खातूनबींजवळ. बाकी दोघी मुली शहरातल्याच होत्या, त्या घरी जाऊन सांगून आल्या.

सिंधू अडून बसली. "आबाला सांगितल्याशिवाय मी कुठं जात नाही."

"अगं, तू सायखेड्याला जाऊन परत यायचीस तोवर गाडी जाईल."

"मग तुम्ही जा. तुम्ही स्वतः जा, दुसऱ्या कोणाला धाडू नका. आबा नाही म्हणायचा नाही, पण त्याला विचारलं पाहिजे."

मी म्हटलं, "जातो. शब्द देतो." आणि शब्द देऊन मी खरंच स्टँडवर गेलो. सव्वाचारची सायखेड्याची गाडी लागली होती. पायरीवर पाय ठेवला आणि समोर बघतो तर खिडकीशी झुंबर बसलेला. झुंबर सायखेड्याचाच आणि समोरच्या पॅनेलचा खंदा गडी. मी पुंजारामच्या दारात उभा दिसलो असतो तर मुली कुठे ठेवल्यात याचा वास त्याला लागला असता आणि त्यांच्या जीपा मनमाडला धडकल्या असत्या, असं मला वाटलं. मी पाय मागे घेतला. पुढची गाडी नव्हती, सायकल होती. मित्राची होती, मागितली असती तर मिळाली असती. पण मी स्वतःला म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. शनिवारी पोरगी घरीच जाणार आहे. आणि मी मनमाडची गाडी पकडली.

क्वार्टरच्या दारातच सिंधू उभी होती. चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत तिनं. "आबाला सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

आता या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती. आतून खातूनबी ताटं मांडत होत्या, त्यांचा आवाज आला. मी म्हणालो, "म्हणाला, काळजी करू नको, वेळेवर जेवून घे."

सिंधू एवढी हसली! "आबाच तो. त्याला दुसरं काही सुचतच नाही." आणि आत जाऊन जेवायला बसली. खातूनबींनी तिला आग्रह करकरून वाढलं. दोन दिवस ती पोरगी त्या घरात लेकीसारखी वावरली, मतदानाच्या घोषणा कागदावर लिहीत बसली.

शनिवारी आम्ही बारा विरुद्ध अकरांनी जिंकलो. गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं. सिंधू सव्वाचारच्या गाडीला पळता पळता ओरडली, "आता साडेपाचची आणा!" तिचं एवढं मोकळं हसू मी त्यानंतर बघितलं नाही.

सोमवारी समोरच्यांनी तक्रार केली, की आमच्या पॅनेलनं मुलींना घरच्यांच्या नकळत नेलं, निवडणूक रद्द करा. मंगळवारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला बोलावलं. आत गेलो तर झुंबर उभा, शेजारी एक उंच, वाळलेला माणूस डोक्यावर टोपी सरळ करत उभा, आणि त्याच्या मागे सिंधू. तिचे डोळे सुजले होते. तो पुंजाराम आहे, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

साहेबांनी विचारलं, "यांच्या घरी तुम्ही कळवलं होतं का?"

पुंजारामच आधी बोलला. "साहेब, मी कोतवाल माणूस. साऱ्या गावाला निरोप पोचवतो. माझ्या घरचा निरोप आला असता तर मला कळला नसता? कोणी आलं नाय. मला निवडणुकीचं काय बी करायचं नाय. पोरगी म्हणती निरोप धाडला. तेवढं खरं-खोटं करा."

मला एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, मी गेलो नाही. बस. चार शब्द. पण ते बोललो असतो तर सिंधूचं मत बाद, अकरा-अकरा, निवडणूक पुन्हा. समोरच्यांच्या जीपा, त्यांचं मटण. साडेपाचची गाडी गेली. संघटना गेली. माझं जी.एस.पद गेलं, हेही डोक्यात होतं, कशाला लपवू? मी म्हणालो, "हो सर. मी स्वतः जाऊन सांगितलं."

पुंजाराम माझ्याकडे बघतच राहिला. रागावला नाही. त्याला काही कळेचना.

आणि मग सिंधू बोलली. "आबा, कशाला खोटं बोलता? झुंबरदादानं शिकवलं म्हणून? लहानूभाऊ येऊन गेले. तुम्हीच म्हणालात ना, वेळेवर जेवून घे म्हणून!"

"मी कधी म्हणालो?"

"खोटं बोलताय तुम्ही. माझ्या तोंडावर खोटं बोलताय."

बापाला आजवर ती अरे-तुरे करायची. त्या दिवशी अहो-जाहो केलं. साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला, मी लिहून दिलं, 'पालकांस पूर्वकल्पना दिलेली होती', आणि खाली सही ठोकली. मुलीची साक्ष, उमेदवाराचं पत्र. तक्रार फेटाळली. पुंजारामनं टोपी काढली, पुन्हा घातली, आणि पोरीला म्हणाला, "चल." एवढंच. व्हरांड्यातून दोघं गेली, तो पुढे आणि ती चार हात मागे.

ती परत आली नाही. चारचौघांत पोरीनं बापाला खोटं पाडलं, हे गावभर झालं. दोन दिवस ती कुठे होती याच्या गोष्टी तर विचारूच नका, लोकांच्या तोंडाला कोणी हात लावायचा? दिवाळीनंतर तिचं लग्न झाल्याचं कळलं, पिंपळगाव बसवंतला दिली म्हणे. मी पत्रिकेचीसुद्धा वाट बघितली, निर्लज्ज कुठला.

पुढच्या जूनमध्ये मोर्चे काढून आम्ही साडेपाचची गाडी आणली. कॉलेजच्या फाटकात पहिल्या दिवशी तिला हार घातला. सायखेड्याकडच्या नऊ मुली चढल्या. मी भाषण केलं. भाषणात सिंधूचं नाव घेतलं नाही.

मग सहा-सात वर्षं गेली. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत संघटनेनं मला पिंपळगावला धाडलं. द्राक्षांचा हंगाम होता, पॅकिंगच्या शेडमध्ये बायका दिवसभर उभ्या राहून घड साफ करायच्या, पेट्या भरायच्या, आणि हजेरी मात्र दीडदमडीची. त्यांची युनियन बांधायची होती. जेवणाच्या सुट्टीत मी शेडच्या दाराशी उभा राहून बोलायला लागलो. कोणाला घाबरू नका, मी तुमच्यासोबत आहे, शब्द देतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

मागून आवाज आला, "लहानूभाऊ, अजून भाषणंच का?"

सिंधू. हातात कात्री, बोटं द्राक्षाच्या रसानं काळी पडलेली. वाळली होती, पण जीभ तीच. मला उगाच बरं वाटलं. पेटीवर बसून आम्ही बोललो. दोन मुलं आहेत, नवरा टेम्पोवर आहे, चांगला आहे म्हणाली. मग मी मूर्खासारखं विचारलं, "आबा कसे आहेत?"

"आबा दिवाळीत गेला," ती म्हणाली. "लहानूभाऊ, मी त्याच्याशी सात वर्षं बोलले नाही. सणाला गेले तरी आईशीच बोलायचे. तो यायचा, ओट्यावर बसायचा, पोरांना खाऊ द्यायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, सिंधे, माझ्याकडं कोणी आलं नव्हतं गं. मी उठून आत जायचे. शिक्षण बंद केलं त्याचं मला एवढं नाही वाटलं, पण खोटं बोलला. मयतीला गेले, तर बायका म्हणाल्या, तोंड बघ बापाचं. मी लांबच उभी राहिले. नाही बघितलं."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. पण ते इतक्या उशिरा फुटावं? मला वाटलं उठावं आणि हायवेला जाऊन मिळेल त्या गाडीत बसावं.

"सिंधू, मी गेलोच नव्हतो. गाडीत झुंबर दिसला आणि मी पायरीवरून परत फिरलो. जेवून घे, हे माझंच. तुझा आबा काही बोलला नव्हता."

तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती बराच वेळ हातातली कात्री उघडत-मिटत बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझा आबा खरं बोलत होता."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायका आत गेल्या. सिंधू उठली, पदर खोचला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे सायखेड्याला जाऊन आईला सांगा. स्वतः जा."

दुसऱ्या दिवशी मी नाशकात कॉलेजच्या फाटकातून साडेपाचची गाडी धरली. आम्हीच आणलेली, आणि मी तीत पहिल्यांदाच बसत होतो. गाडी मुलींनी भरलेली, कलकलाट नुसता. एकीनं मला जागा दिली.

सुलाबाई, सिंधूची आई, अंगणात तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं, सगळं सांगितलं, काही राखलं नाही. ती खाली मान घालून खडे वेचत ऐकत राहिली.

"दोन दिस विहिरी धुंडल्या त्यानं," ती म्हणाली. "चोरून, गळ टाकून टाकून. पोरीला बी कधी कळू दिलं नाय. शनवारी पोर गाडीतून उतरली तवा तिला काय बोलला माहीत हाय का? बोलला, जेवली का गं?"

मी म्हणालो, "आई, मी तेव्हा यायला पाहिजे होतं. आज निरोप घेऊन आलोय."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा वर बघितलं. "आलास ते बरं केलं बाबा. पण निरोप त्याच्या नावाचा हाय. मी कुणाला दिऊ आता?"

मग तिनं मला पाणी आणून दिलं आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं.