बेसमेंटमधली जांभळं

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. एसटीत बावीस वर्षं कंडक्टर आहे. पुलावरची बाई, वडावरचा मुंजा... प्रवाशांनी मला काय काय ऐकवलंय! मी म्हणते, तिकीट काढलंय का तिनं? नाही ना? मग सोडा, पुढं सरका. तर अशी मी. तरी हे लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून आता जीव नकोसा झालाय.

मी राहुरीला राहते. माहेर नगरचं, मनमाड रोडला, शहर संपतं तिथं. म्हणजे तेव्हा संपायचं. आता आमच्या रानात अकरा मजली टॉवर उभा आहे. खाली दोन मजले पार्किंग, पुढं गार्डन, गेटवर काचेची केबिन.

आई गेली तेव्हा आम्ही तिची रक्षा नदीत सोडली नाही. हल्ली आमच्याकडं बरेच जण करतात तसं, सावडायच्या दिवशी बांधाशी खड्डा घेतला, रक्षा त्यात घातली आणि वर झाड लावलं. आईला शुगर होती, जांभळाच्या बियांची पावडर खायची, म्हणून मी राहुरीच्या नर्सरीतून जांभळाचं रोप नेलं. चार-पाच वर्षांत झाड दोन पुरुष उंच झालं. फळ मात्र एकदाही धरलं नाही.

मग माझा धाकटा भाऊ, बाळू, हक्कसोडीचा कागद घेऊन आला. "अक्का, सातबारा एका नावावर असला की कामं सोपी पडतात. रान कुणाला विकायचंय का? आन आईचं झाड हाय तिथं, मी हात लावीन का त्याला?" मी सही केली. वाचलंसुद्धा नाही नीट! भावासमोर कोणती बहीण चष्मा लावून कागद वाचत बसते?

वर्षाच्या आत रानात पत्रे ठोकले, मशिनी आल्या. मी तणतणत गेले, तर बाळूनं मला पुढं गार्डन होणार होतं त्या कोपऱ्यात नेलं. जांभळाचं झाड होतं, भोवती नवा कट्टा, गेरू-चुन्याचे पट्टे. म्हणाला, "मशीननं मुळासकट उचलून हितं लावलंय. आता तरी रडू नको."

झाड जरा खुजं वाटलं मला. पण वाटलं, हलवल्यामुळं असेल.

चार वर्षं, दर वीकली ऑफला, मी राहुरीहून येऊन त्या झाडाला पाणी घातलं. हळदकुंकू वाहिलं. बोलायचे त्याच्याशी. हसा खुशाल! लेकीचं लग्न ठरलं ते आधी तिथं सांगितलं. छातीत गाठ लागली तेव्हा रिपोर्टचं पाकीट नवऱ्याला न दाखवता त्या कट्ट्यावर बसून फोडलं. गाठ साधी निघाली, आणि मी झाडाला मिठी मारून हमसून हमसून रडले.

गेल्या भाऊबीजेला बाळूकडं गेले. आठव्या मजल्यावर दोन फ्लॅट मिळालेत त्याला. ओवाळलं, जेवणं झाली. दुपारी दोनच्या सुमारास तो मला स्टँडवर सोडायला निघाला. लिफ्टनं खाली बेसमेंटमध्ये आलो, आणि बघते तर त्याच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर जांभळं! पाच-पन्नास असतील. टपोरी, ताजी, काही फुटून रस ओघळलेला.

दिवाळीत जांभळं? अहो, जांभूळ मृगाच्या आगेमागे येतं. वर पाहिलं तर सिमेंटचा स्लॅब आणि पाइप. फट नाही, पाखरू नाही.

बाळूनं गुपचूप डिकीतून फडकं काढलं. फडकं आधीच जांभळं झालेलं होतं.

"कधीपासून हे?" मी विचारलं.

उत्तर वॉचमननं दिलं. जामखेडकडचा म्हातारा माणूस, तिथंच खुर्ची टाकून बसलेला. "पंधरा दिस झाले, ताई. क्यामेऱ्यात बी बघितलं. आत्ता गाडी मोकळी दिसती, आन मंग एकदम जांभळं. पडताना दिसतच न्हाईत."

मी एक उचलून तोंडात टाकलं. चांगलं गोड होतं, जीभ जड झाली. "बाळ्या," मी म्हटलं, "आईचं झाड नक्की कुठं होतं रे?"

तो खालीच बसला. "हितंच. ही गाडी हाय ना, हितंच. झाड हलवलं न्हाई अक्का. जेसीबी आला त्याच दिवशी गेलं. गार्डनमधलं नर्सरीतून आणलंय. तू येऊन येऊन रडायचीस... म्हटलं, समाधान हुईल तुजं."

समाधान! माझ्या हाताचं कुंकू त्याच्या कपाळावर ओलं होतं, तरी मी त्याच्या कानाखाली वाजवली. रानाचं मी गिळलं होतं हो. पण चार वर्षं मी कुणाशी बोलत होते? कुणाला मिठी मारून रडले? आणि हा आठव्या मजल्यावरून ते बघत होता.

गाल धरून म्हणाला, "आई कोपलीय माज्यावर. तू सांग ना तिला. तुजं ऐकंल ती." मी पायी स्टँडवर गेले.

पण मला राहवेना. पुढच्या महिन्यात एका ऑफला परत गेले, बाळूला न कळवता. वॉचमननं आत घेतलं. बाळूनं घाबरून जागा बदलून घेतली होती, गाडी पार दुसऱ्या टोकाला. मला बरंच वाटलं. वॉचमनची खुर्ची ओढून घेऊन बरोबर आईच्या जागेवर मी बसले. पदर पसरून. सकाळी दहापासून. म्हटलं, आई, मी आलेय गं. आता खरी जागा सापडली. एक तरी टाक.

बारा वाजले. एक वाजला. काही नाही.

सव्वाच्या सुमारास टप् असा आवाज आला. मग टप् टप् टप्... लांबून. मी पळत गेले. बाळूच्या गाडीवर जांभळंच जांभळं.

"जागा न्हाई ताई, ती मानूस बघती," वॉचमन म्हणाला.

बाळूनं शांतीची पूजा केली, ब्राह्मण जेवू घातले, अजून घाबरून असतो. जांभळं थांबलेली नाहीत, आणि का पडतात ते मला सांगता येत नाही. कुणी म्हणालं पाइपात एखादी बी रुजली असेल, कुणी म्हणालं खोडसाळपणा असेल. असेल. पण आई कोपलीय हे मात्र मला पटत नाही. मी तिला ओळखते. पहिलं पिकलेलं, मोठं, गोड फळ लहानपणी ती नेहमी बाळूच्याच हातावर ठेवायची, आणि मी बघितलं की म्हणायची, तू शहाणी आहेस ना, तुला नंतर देते. बाळूला तो शाप वाटतोय. त्याला मी अजून सांगितलेलं नाही, की आई त्याला खाऊ घालतेय.