सेल कोणी टाकला?

"साहेब, भारीतलं घड्याळ घ्यायचंय. सेलचं घेऊ का चावीचं?" निवृत्तीनंतर लोक मला कायद्याचा सल्ला क्वचितच विचारतात, पण हा प्रश्न हमखास विचारतात. आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, काही जण मला 'घड्याळवाले साहेब' म्हणूनच ओळखतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कितीतरी आता पुसट झाले. ते एका घड्याळाचं प्रकरण मात्र नुसतं आठवलं तरी मला खुर्चीत स्वस्थ बसवत नाही.

तेव्हा मी सोनईकडच्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नवे कायदे नुकतेच लागू झाले होते आणि कलमांचे नवे आकडे कुणाच्याच तोंडात बसत नव्हते. बाजारचा दिवस होता. पाकीट मारलं, मोबाईल हरवला, शेजाऱ्यानं बांध कोरला, असे अर्ज घेऊन माणसं ठाणे अंमलदारापुढं गर्दी करून उभी होती. त्या गर्दीतून एक वयस्कर गृहस्थ पुढं आले. "जय ख्रिस्त, साहेब," म्हणाले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. निवृत्त शिक्षक. सोबत लग्न झालेली मुलगी. माझा अनुभव असा, की मुलीला घेऊन आलेला बाप खुर्चीच्या कडेला बसला, की प्रकरण अब्रूचं असतं.

गुरुजींचा मुलगा दुबईला नोकरीला. बहिणीच्या लग्नात त्यानं नवऱ्या मुलासाठी परदेशी घड्याळ आणलं होतं. आपल्याकडं जावयाला घड्याळ द्यायची रीतच आहे. यानं ती जरा जोरात पाळली. लग्न थाटात झालं. जावई सुप्याच्या एमआयडीसीत कामाला. आठवडाभर तिकडं खोलीवर, रविवारी घरी. काही महिने सुरळीत गेले. मग एका रविवारी ते घड्याळ हातात घालूनच तो सुप्याला गेला. तिथं त्याचे एक साहेब घड्याळाचे शौकीन. त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "अरे, ही तर कॉपी आहे. फसवलं तुला."

झालं! सासरी वणवा पेटला. 'नकली माल देऊन आमच्या तोंडाला पानं पुसली' म्हणत मुलीला माहेरी आणून सोडलं. "नाताळला आमी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो, साहेब," गुरुजी म्हणाले. "आयुष्यभर पुढं बसलेला माणूस मी."

छळाची तक्रार द्यायची का, असं मी मुलीला विचारलं. ती ताठ बसून म्हणाली, "तक्रार न्हाई द्यायची. माझ्या भावानं नकली दिलं न्हाई, येवढं सिद्ध करा. मग सासरी जायचं का न्हाई, ते माझं मी बघीन." मला ती पोर तिथंच आवडली. मी अर्ज घेतला आणि चौकशी माझ्याकडंच ठेवली.

दुसऱ्या दिवशी जावयाला घड्याळासह बोलावलं. मुलगा सरळ वाटला, पण कानाचा हलका. त्याला बाहेर बसवलं, गुरुजींना आणि मुलीला आत घेतलं, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि दुबईला भावाला व्हिडिओ कॉल लावला. त्याला नुसतं दाखवायची खोटी, तो ओरडला, "साहेब, सेकंदाचा काटा बघा! टक टक उडी मारतोय का?"

"मारतोय."

"मग हे सेलचं हाय. मी दिलं ते सेलचं न्हवतंच! त्याच्यात काटा उडी मारत न्हाई, सरकत जातो."

मग त्यानं माझी शिकवणीच घेतली. सेलच्या घड्याळाला क्वार्ट्झ म्हणतात. वेळ एकदम चोख, कपाटात टाकलं तरी चालू. दुसरं यांत्रिक. त्यात सेल नाही, आत स्प्रिंग आणि चाकं. काहींना रोज चावी द्यावी लागते. याला तीही नको, मनगटाच्या हालचालीनंच चावी बसते. वेळ थोडी मागंपुढं होते, दुरुस्ती महाग, तरी शौकीन त्याच्यावर जीव टाकतात. "ताईला फोन करून इचारलं हुतं, सेलचं घेऊ का चावीचं," तो म्हणाला. "तीच म्हणली, हातात घातल्यावर चालतं ते घे."

मी मुलीकडं पाहिलं. "रोज हातात घालतील म्हनून," ती हळूच म्हणाली.

आता प्रश्न एकच होता. भावानं लग्नात दिलं ते हेच घड्याळ होतं की दुसरं? भावानं पाठवलेल्या दुबईच्या पावतीवर सासरचे विश्वास ठेवायला तयार नव्हते. पावती एकाची आणि वस्तू दुसरी असू शकते, हे त्यांचं म्हणणं कायद्यानं चूकही नव्हतं. तेव्हा आमच्या महिला हवालदार म्हणाल्या, "साहेब, लग्नाची शूटिंग असंल की!"

मी टेबलावर थाप मारली. फोटोवाल्याकडून व्हिडिओ मागवला. मुलगी नवऱ्याच्या हातात घड्याळ घालतेय, कॅमेरा अगदी जवळ, काटा स्पष्ट दिसतोय. आणि काटा काय मस्त सरकत होता! आम्ही सगळे खूश. तेवढ्यात हवालदारबाई म्हणाल्या, "साहेब, पर मागं उडवलेल्या पाकळ्यापन सावकाशच पडायल्यात." पठ्ठ्यानं तो प्रसंग स्लो मोशनमध्ये टाकला होता, वर सनई. डोक्याला हात लावला. फोटोवाल्याला म्हटलं, तुझी कलाकारी काढून टाक आणि मूळ शूटिंग आण. त्यानं आणलं. पाकळ्या भराभर पडल्या, करवल्या धावल्या, पास्टर शिंकले, आणि काटा तरीही न थांबता सरकत राहिला. अख्ख्या ठाण्यात आनंदाची लाट उसळली! कोठडीतला आरोपीसुद्धा विचारायला लागला, काय झालं म्हणून.

म्हणजे लग्नात दिलेलं घड्याळ वेगळंच होतं आणि नंतर कुणीतरी ते बदललं होतं.

जावयाला पुन्हा समोर बसवलं. "घड्याळ कुणाच्या हातात दिलं होतं?"

"कुनालाच न्हाई, साहेब. कंपनीत ग्रीस लागतं, ओरखडं पडत्यात, म्हनून घरी कपाटातच ठिवायचो. रविवारी चर्चला जाताना तेवढं घालायचो."

आता आपल्या लोकांचं हेच आहे. भारी साडी कपाटात, भारी कपबशा पाहुण्यांसाठी, सोफ्याचं प्लास्टिक वर्षभर निघत नाही. आणि इथं घड्याळ असं, की अंगावर नसलं तर बंदच पडणार. मी विचारलं, "मग ते बंद पडत नव्हतं?"

"पडायचं की! दर रविवारी बंद. ती म्हनायची रोज घाला, पर मी ऐकलं न्हाई. शेवटी तिला न सांगताच, सेल गेला म्हनून सेल टाकून आनला."

आवाज अजिबात न चढवता मी विचारलं, "सेल कोणी टाकला?"

"दाजींनी. कोपरगावाहून आल्ते, म्हनले द्या माझ्याकडं, नगरला ओळखीचं दुकान हाय."

हे दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोपरगावला मोबाईलचं दुकान, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, घरात शब्दाला मान. आणि 'नकली माल' म्हणून सगळ्यात मोठा गळा त्यांनीच काढला होता. चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण उगाच पडलेली नाही.

दाजींना बोलावलं. चौकशीला आलेल्या माणसाला मी आधी चहा देतो. घाबरलेला माणूस खोटं थोडकं बोलतो. निर्धास्त झाला की सढळ हातानं बोलतो, आणि आपल्याला तेच हवं असतं.

"दाजी, सेल तुमच्यासमोरच टाकला ना?"

"म्हंजे काय, साहेब! भारी वस्तू, दुकानदारानं आतला पार्ट काढून घेतला तर? डोळ्यात तेल घालून बसलो हुतो. मागचं झाकन उघडलं, जुना सेल काढला, नवा बसवला, फुंकर मारली, झाकन लावलं."

"जुना सेल पाहिला?"

"हातात घेतला की! पार गंजला हुता."

हवालदारबाईंना एकदम खोकला आला आणि त्या बाहेर गेल्या. खरं बोलणारा माणूस म्हणतो, 'टाकला असंल बुवा, मी काय बघितलं न्हाई.' खोटं बोलणारा गंजासकट सांगतो. मी मोबाईलवर लग्नाचं मूळ शूटिंग लावलं, तो सरकणारा काटा त्यांच्यासमोर धरला आणि म्हणालो, "दाजी, या घड्याळाला सेलच नसतो."

दाजींनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग गाडी रुळावर आली. नगरच्या दुकानदारानं सेल नसतो हे त्यांना सांगितलं होतं, वर हे किती भारी घड्याळ आहे हेही सांगितलं होतं. तिथंच मोह झाला. मोबाईलच्या धंद्यातल्या ओळखीतून हुबेहूब दिसणारं सेलचं घड्याळ मिळवलं आणि 'सेल टाकला' म्हणून तेच परत दिलं.

घड्याळ गुरुजींच्या जावयाचं, म्हणून फिर्याद त्यानंच द्यायला हवी होती. त्याची आई ठाण्यात आली, पदर तोंडाला. "साहेब, माझ्या लेकीचा संसार हाय. माझ्या जावयाचं नाव नका घेऊ."

मला संताप आला. खोटं कशाला सांगू? पण माझ्याआधी हवालदारबाईच बोलल्या, "आन् सुनंचा काय भातुकलीचा हुता का, मावशी?"

सुनेवर आळ घ्यायला या घराला एक रविवार पुरला होता. स्वतःच्या जावयाचं नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा मात्र लेकीचा संसार आठवला. मुलानं आईला बाकावर बसवलं. मग त्यानं पेन उचललं आणि फिर्यादीवर सही केली. विश्वासघात आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला, दाजींना अटक झाली.

त्यांनी पंचांसमक्ष निवेदन दिलं, आणि आम्ही कोपरगावला त्यांच्या घरी गेलो. गव्हाच्या कोठीत हात घालून त्यांनीच पुडकं काढून दिलं. कापडात गुंडाळलेलं घड्याळ, काटे थांबलेले. एक पंच निराश होऊन म्हणाला, "साहेब, हे तर बंद हाय. मेलं काय?" मी ते हातात घेतलं आणि हलकेच हलवलं. एकदा, दोनदा. आणि सेकंदाचा काटा सरकायला लागला! "चाललं, साहेब! चाललं!" तो पंच लहान पोरासारखा ओरडला. पंचनामा लिहिणाऱ्या शिपायानं पेन खाली ठेवलं आणि तोही बघायला आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत हस्तगत केलेला मुद्देमाल माझ्या तळहातावर जिवंत होताना मी तेवढा एकदाच पाहिला.

पुढं न्यायालयाच्या आदेशानं घड्याळ जावयाच्या ताब्यात दिलं. त्या दिवशी त्यानं गुरुजींना आणि बायकोलाही ठाण्यात बोलावून घेतलं होतं. सगळ्यांसमोर त्यानं गुरुजींचे पाय धरले. मग बायकोला म्हणाला, "चल घरी."

"कोन्च्या घरी?" तिनं विचारलं. "तुमी सुप्याला आन् मी कपाटात, तसं मला न्हाई जमायचं. सुप्याला खोली करा, मग येते. आन् ते घड्याळ इकडं द्या. तुमच्याच्यानं न्हाई हुनार ते."

त्यानं निमूटपणे घड्याळ काढून दिलं. तिनं ते आपल्या बारीक मनगटावर चढवलं. पार कोपराकडं घसरत होतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? एक तर, आरोपीला मोठा प्रश्न विचारू नये, सेलाएवढा विचारावा. दुसरं, वस्तू खोटी निघाली की आपली बोटं आधी मुलीच्या माहेराकडं वळतात; तपास करणाऱ्यानं आपलं बोट तेवढं खिशात ठेवावं. बाकी सेलचं की चावीचं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. विसराळू असाल, कपाटाची आवड असेल, तर सेलचं घ्या. रोज अंगावर वागवणार असाल तरच दुसरं घ्या.

मागं कामानिमित्त सुप्याला गेलो होतो. भाजीच्या गाड्याशी एक बाई मेथी निवडत होती. मला पाहून तिनं हात वर केला. मनगटावर तेच मोठं पुरुषी घड्याळ होतं, पट्टा बारीक करून घेतलेला. रस्त्याच्या पलीकडूनच ती मोठ्यांदा म्हणाली, "साहेब, चालू हाय!"