वाल सोलता सोलता

घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीत एक बालवाडी होती. ती चालवणाऱ्या संस्थेच्या कचेरीत मी दुपारी टायपिंग करत असे, सकाळी कॉलेज. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इंग्रजी मला कागदावर यायचं, तोंड उघडायची वेळ आली की मी अडखळायची. म्हणून डेन्मार्कची एक मुलगी संस्थेत कामाला येणार असं कळलं तेव्हा, खरं सांगते, मला आधी स्वतःचाच फायदा दिसला. रोज तिच्याशी बोलायचं, की झालं.

ती मात्र मराठी शिकायला आली होती. वयाने माझ्याएवढीच. देशोदेशी फिरायचं, मिळेल ते काम करायचं आणि तिथली भाषा उचलायची, असं तिचं चाललेलं. ग्रीसमध्ये हॉटेलात भांडी घासताना ती ग्रीक शिकली होती. इथे बालवाडीत मुलांबरोबर मराठी येईल, असं तिने धरलं होतं.

पण संस्थेच्या ताईंनी तिला कचेरीतच बसवलं. मराठी आल्याशिवाय मुलांना कशी सांभाळणार, हा त्यांचा प्रश्न. आणि मराठी येणार कुठून? ती जुळवून जुळवून मराठीत केळ्यांचा भाव विचारायची. केळीवाला अस्सल साताऱ्याचा, तरी उत्तर हिंदीत. वस्तीतल्या बायका ‘दीदी, बैठो ना’ म्हणायच्या. परकं माणूस दिसलं की हिंदीत शिरायचं, ही आम्हा मुंबईकरांची खोडच. मीही त्यातलीच. इंग्रजी अडकलं की लाजून हिंदीवर यायची.

अशात बालवाडीच्या बाई तीन महिन्यांनी बाळंतपणाला माहेरी जाणार असं ठरलं. ताईंनी सरळ सांगितलं, या मुलीला मराठीतून वर्ग घेता आला तर वर्ग तिचा, नाहीतर ती कचेरीत आणि दुसरी बाई शोधू. त्या दुपारी ती पाकिटं चिकटवत बसली होती. एवढ्या लांब पाकिटं चिकटवायला आले का, असं शेवटी म्हणाली. मी भीत भीत विचारलं, ग्रीक कशी आली मग? ती म्हणाली, स्वयंपाकघरात सगळ्यांचे हात कामात असायचे. माझ्यासाठी वेगळी भाषा शोधायला कुणाला सवडच नव्हती.

मला एकदम आई आठवली.

आमचे वडील गिरणी बंद पडल्यावर मुलुंडला एका कारखान्यात वॉचमन होते. आईचा सगळा जन्म कोकणात आणि मग आमच्या खोलीत. हिंदी तिला भाजीवाल्यापुरती. मी पाहुणीला घरी नेलं तेव्हा आई मोड आलेल्या वालांचं पातेलं घेऊन बसली होती. तिने पाहुणीला पाट दिला आणि मूठभर वाल तिच्यापुढे ओतले.

“अगो बाय, दाबू नको. साल काढायचंय, दाण्याचा जीव नाही घ्यायचा.”

दाणा सुळकन उडून वडिलांच्या चपलेत पडला. आई हसली, मग तीही. मी मध्ये इंग्रजीत समजवायला गेले, तर आईने मलाच दटावलं, “तू गप. तिला कान आहेत.”

मग ती येतच राहिली. वाल नसले तर लसूण, नाहीतर तांदूळ निवडायचे. आई बोलायची, रागवायची, शेजारणींच्या कागाळ्या सांगायची. बसस्टॉपपर्यंतची वाट मात्र माझी. तिथे फक्त इंग्रजी बोलायचं ठरलं होतं. तिचंही इंग्रजी शिकलेलंच, चुकतमाकत. ती चुकली की खुशाल पुढे जायची. ते बघून मीही जायला लागले.

बाई माहेरी गेल्या, त्या दिवशी मी कॉलेज बुडवून बालवाडीच्या खिडकीशी उभी राहिले. ताई आत खुर्चीवर. बाई दिसेनात म्हणून मुलांनी भोकाड पसरलं होतं. आता हिची वाट लागणार, मला वाटलं.

तिने पिशवीतून फडकं काढलं, आमच्याच आईचं. आत मोड आलेले वाल. ती जमिनीवर मांडी घालून बसली.

“रडू नका रे बाबांनो. हात आहेत ना? सोला बघू. पण दाण्याचा जीव घ्यायचा नाही.”

एक दाणा उडाला तो थेट ताईंच्या मांडीवर. रडणारं सगळ्यात धाकटं पोर आधी हसलं. मग घोळका तिच्याभोवती. कुणाचं साल निघेना, कुणी दाणाच तोंडात टाकला. ती रागवत होती, मोजायला लावत होती, आणि पोरं धडाधड मराठीत तिच्या चुका काढत होती.

ताई बाहेर आल्या. “ही कुठली मराठी शिकवलीस गं हिला?”

“आमच्या आईची,” मी चाचरत म्हणाले.

“बरी आहे. सांग तिला, वर्ग तुझा म्हणून.”

मी आत गेले आणि इंग्रजीत सांगितलं, एका दमात, न अडकता. माझं मलाच नवल वाटलं. तिने ऐकून घेतलं, डोळे पुसले, सालांनी भरलेला हात माझ्यापुढे नाचवला.

“मराठीत सांग गो,” ती म्हणाली. “इंग्रजी बसस्टॉपवर.”