झिजलेल्या बुशचा साचा

माझा मामा जुनी व्हिडिओ गेमची मशिनं दुरुस्त करायचा. कपाटाएवढी, नाणं टाकून उभ्यानं खेळायची ती. गेमची दुकानं बंद पडली, मशिनं बनवणारे कारखाने बंद पडले, पण मामा काही बंद पडला नाही. पुढे हौशी लोक तीच धुडं विकत घेऊन दिवाणखान्यात मांडायला लागले आणि मामाला पुन्हा बरे दिवस आले. लांब तोंडाची पक्कड घेऊन तो मशिनात मान घालायचा, आतल्या स्विचच्या पात्या केसभर इकडे, केसभर तिकडे वाकवायचा, आणि मेलेलं मशीन टुणटुण वाजायला लागायचं. मामी म्हणायची, "घरातला नळ गळतोय, तिथे नाही चालत हे हात!"

सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून मी, त्याची भाची, या धंद्यात पडले. घरच्या मागच्या खोलीत मी जुन्या भागावरून रबराचा साचा घ्यायचे, त्यात पातळ प्लास्टिक ओतायचे आणि नवा भाग काढायचे. बटणं, दांड्यांचे गोळे, चकत्या, सगळं. मामा गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची बया तुमच्या नाकाचासुद्धा साचा काढून देईल." मीही फुशारले होते. हुबेहूब, हा माझा तेव्हाचा लाडका शब्द.

जॉयस्टिकचा दांडा प्लास्टिकच्या एका तुकड्यात बसतो आणि फिरतो, त्याला बुश म्हणतात. बाटलीच्या झाकणाएवढा असेल. एका जातीच्या मशिनाचे बुश कुठेच मिळत नव्हते आणि मला नमुना म्हणून एकच मिळाला, तोही वीसेक वर्षं लोकांनी रगडलेला. मी तो पुसला, दिसायला बरा दिसला, घेतला साचा. मोजायचं व्हर्नियर टेबलावरच पडलं होतं. ताडून बघायला दुसरा नमुना आहे कुठे, अशी मी मनाची समजूत घातली. थाप होती ती. चार ठिकाणी विचारलं असतं तर मिळाला असता. मला घाई होती, बस्स. दीडशे बुश काढले आणि विकलेसुद्धा.

त्यातला एक मामानं दातांच्या एका डॉक्टरांच्या मशिनात बसवला. दोन दिवसांत डॉक्टरांचा फोन, दांडा सोडला तरी डावीकडेच कलतोय, पडद्यावरचा माणूस आपणहून डावीकडे पळत सुटतो. मामा गेला, पात्या वाकवून आला. पुन्हा फोन. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मी सोबत होते. मामा तासभर मशिनात मान घालून बसला होता, शर्ट घामानं भिजला होता. मी म्हटलं, "मामा, बाकीचं काही तपासलंस का?"

"बाकी काय तपासायचं? बुश तर नवा आहे. तू केलेला."

चौथ्यांदा तेच झालं तेव्हा डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "काका, वय झालं आता. आराम करा." मामानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, हात गेला खरा." आणि मी शहाणी काय बोलले? "किती दिवस दगदग करणार, मामा!" त्यानं पक्कड पिशवीत टाकली ती जणू कायमचीच.

पुढच्याच महिन्यात एका बंद पडलेल्या गेमच्या दुकानातलं भंगार माझ्याकडे आलं. त्यात त्याच बुशचं न फोडलेलं पाकीट निघालं. आत कारखान्यातला, कधीही न वापरलेला बुश. या खेपेला व्हर्नियर लावलं. माझा बुश बारीक होता, जवळजवळ अर्धा मिलिमीटर, आणि तोही फक्त एका अंगानं. माझा नमुना ज्या मशिनातला होता त्यावर लोक वर्षानुवर्षं एकाच बाजूला जोर देत आले असणार. ती झीज मी साच्यात उचलली होती. हुबेहूब! मामाच्या हातात काहीही खोट नव्हती.

लगेच जाऊन सांगायचं की नाही? नाही गेले. आधी नवा साचा केला. दीडशेच्या दीडशे गिऱ्हाइकांना बदली बुश फुकट पाठवले, जुन्यात जरा गडबड होती म्हणून कळवलं. लोकांनी वाहवा केली, पोरगी प्रामाणिक आहे म्हणून. दातांच्या डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "काकांना सांगितलंत ना?" मी म्हटलं, "हो, हो." सगळ्या जगाला सांगितलं, फक्त ज्याचं वाटोळं केलं त्याच्यापुढे मूग गिळून बसले. पहिल्या आठवड्यात लाज वाटत होती. दुसऱ्यापासून, इतके दिवस का नाही सांगितलंस, या प्रश्नाची भीती वाटायला लागली. आज सांगते, उद्या सांगते, असे अकरा महिने घालवले.

एका सकाळी सहज म्हणून त्यांच्याकडे गेले. मामी मामाच्या शर्टाची बटणं लावत होती आणि तो लहान मुलासारखा मान वर करून उभा होता. ओशाळून मला म्हणाला, "हात चालत नाहीत ना, बये. एखादं बटण तोडायचो." मामी कुरकुरली, "मला तर यांचा हात कधी थरथरताना दिसला नाही." मी दारातच वळले. तशीच घरी परतले आणि दोन्ही बुश घेऊन तासाभरात पुन्हा हजर झाले.

"मामा, हे बघ जरा. चूक माझी होती. तुझा हात ठणठणीत आहे."

त्यानं दोन्ही बुश घेतले, डोळे मिटले, बोटांत फिरवले. क्षणभरही लागला नाही. "हा बारीक आहे. या अंगाला." डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते. "अगं, मला कळतंय की! ऐकलंस का गं, मला कळतंय!" तो मामीकडे बघून ओरडला. मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "तुला कधी कळलं?"

खरं जिभेवर होतं, देवाशप्पथ. पण त्याचा चेहरा इतका उजळला होता की माझ्या तोंडून निघालं, "काल."

"काल कळलं आणि आज दारात! याला म्हणतात माणूस." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यानं फोन उचलला आणि डॉक्टरांना लावलासुद्धा. "अहो, हात नव्हता, बुश होता! आमच्या भाचीनं कालच शोधून काढलं..." मग तो थांबला. पलीकडून डॉक्टर बोलत होते. मामा नुसता, "अच्छा... असं का... गेल्या वर्षी... हो, हो, विसरलोच मी," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मामीनं विचारलं.

"काय म्हणणार? पोरगी हुशार आहे म्हणाले. चहा टाक तिला." माझ्याकडे बघितलं नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्यास तर बरं झालं असतं, मामा.

तो पुन्हा कामाला लागला आहे. डॉक्टरांचं मशीन झालं, आणखी सहा-सात झाली, हात पूर्वीसारखाच चालतो. गेलं की चहा मिळतो, हसून बोलतो, तब्येत विचारतो. फक्त सुटे भाग आता दुसरीकडून मागवतो. मामीनं एकदा माझ्यासमोरच विचारलं, घरची भाची असताना परक्याकडून कशाला? तो म्हणाला, "तिला आधीच फार कामं असतात. उगाच तिला त्रास नको."